बिट्टीचे केस आणि मामाची मांडी

बारावीनंतर मला अमरावतीला ताईकडे ठेवायचं ठरलं, तेव्हा मला कोणी विचारलं नाही. ताईलाही विचारलं असेल असं वाटत नाही. भातकुलीजवळच्या आमच्या गावाहून रोज एसटीने कॉलेजला येणं जमण्यासारखं होतं. पण आईचं मत असं, की एसटीतून जाणारा पोरगा शिकत नाही, नुसता खिडकीतून वावरं मोजतो. म्हणून एक गादी, एक पेटी आणि घरच्या तुरीच्या डाळीची थैली घेऊन मी वर्षाताईच्या दोन खोल्यांत जाऊन पडलो. ताई एका खाजगी दवाखान्यात नर्स होती, भाऊजी बडनेऱ्याला रेल्वेत. दोघंही सकाळी सातच्या आत घर सोडायचे. माझं कॉलेज बाराला, तोवर ताई परत यायची. मधल्या वेळात घरात उरायचो मी आणि माझी भाची, शर्वरी. हे नाव फक्त जन्मदाखल्यावर होतं, घरात ती बिट्टी. तेव्हा तिला दोन वर्षंही झाली नव्हती.

पहिल्या दिवशी पर्स खांद्याला लावता लावता ताई म्हणाली, "गजू, तुह्याकडं दोनच कामं हायेत. तिले दूध पाज आन तिचे केस विंचर. बाकी ती काईच त्रास देत नाई."

आज विचार केला की वाटतं, माणसं नोकरीवर ठेवताना कामाची माहिती अशीच देत असतील.

दूध बिट्टी स्वतःच प्यायची. प्रश्न केसांचा होता. तिचे केस कुरळे होते म्हणणं म्हणजे उन्हाळ्यात अकोला थोडं गरम असतं म्हणण्यासारखं आहे. एकेक केस स्वतःभोवती तीन-चार वेढे घेऊन बसलेला. रात्री झोपताना ती माणसाच्या लेकरासारखी दिसायची आणि सकाळी उठायची तेव्हा डोक्याच्या एका बाजूला सुगरणीचं घरटं आणि दुसऱ्या बाजूला चपटी पोळी. फणी हातात घेतलेली दिसली की ती आधी पलंगाखाली जायची. तिथून ओढून काढली की रडायची, आणि तिचं रडणं साधं नव्हतं. आधी तोंड उघडायचं, मग बराच वेळ काहीच आवाज यायचा नाही, आपण घाबरून "बिट्टी, बिट्टी" करायला लागलो की मग तो भोंगा. खालच्या मजल्यावरचे घरमालक पहिल्या आठवड्यात दोनदा वर येऊन गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा माझ्या हातात फणीचा अर्धा तुकडा होता आणि उरलेला अर्धा बिट्टीच्या डोक्यात. त्यांनी दोन्ही तुकडे पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली गेले.

हे केस आले कुठून, हा आमच्या दोन्ही घरांत चर्चेचा विषय होता. आमच्याकडे सगळ्यांचे केस सरळ, इतके की वडिलांचे तर तेल लावूनही कपाळावर पडायचे. भाऊजींचेही सरळ. आई म्हणायची, "आमच्यात कोनाचेच नाईत बाप्पा असे." अकोल्याहून ताईच्या सासूबाईंचा फोन आला की त्याही हेच म्हणायच्या. चोरीचा माल सापडावा आणि दोन्ही शेजाऱ्यांनी हात वर करावेत, तसं चाललं होतं. बिट्टीला रस्त्यात बघून लोक थांबायचे, गाल ओढायचे, केसांत हात घालायचे आणि "कोनावर गेली?" असं विचारायचे. मी म्हणायचो, "अजून ठरलं नाई."

माझी सुटका केली शमीमआपांनी. त्या समोरच्या दारात राहायच्या, घरीच शिवणकाम करायच्या. त्यांच्या तीन मुलींचे केस बिट्टीसारखेच होते, पण त्या शाळेत जाताना फोटोतल्या मुलींसारख्या दिसायच्या. एका सकाळी भोंगा ऐकून त्या मशीन थांबवून आल्या आणि माझ्या हातातून फणी काढून घेतली.

"बाबू, सूखे बालां पे कंगी मारता? बच्ची है ये, बकरी नै."

मग त्यांनी मला शिकवलं, आणि कॉलेजातल्या कुठल्याही प्राध्यापकाने मला इतक्या थोड्या वेळात इतकं शिकवलेलं नाही. कोरडे केस विंचरायचे नाहीत. आधी ओले करायचे, थोडं तेल, मग बोटं. फणी शेवटी, आणि तीही रुंद दातांची. सुरुवात टोकापासून, मुळापासून कधीच नाही. गुंता आला की वरचा केस मुठीत धरायचा, म्हणजे खाली कितीही ओढलं तरी डोक्याला कळत नाही. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या मलमलच्या कापडात दाबून पाणी टिपायचं. आणि हे सगळं करताना लेकराच्या तोंडात काहीतरी द्यायचं, म्हणजे भोंग्याला जागाच राहत नाही. मी मुरमुरे निवडले. वाटीभर मुरमुरे एकेक करून खायला बिट्टीला बरोबर तेवढाच वेळ लागायचा, जेवढा मला अर्धं डोकं सोडवायला.

शेवटचा धडा अलसीचा. "अलसी उबाल, गाढी हो गई तो छान ले, और गीले बालां में लगा," असं आपा म्हणाल्या. मी दुकानात जाऊन अलसी मागितली, दुकानदाराने जवस दिलं. तेव्हा कळलं, की ज्याची चटणी मी जन्मभर भाकरीशी खात आलो, तेच हे. जवस पाण्यात उकळलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट रस निघतो. तो गाळून मी स्टीलच्या वाटीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचो. एकदा दुपारी भाऊजी ड्यूटीवरून लवकर आले, त्यांनी ती वाटी काढली, वर दोन चमचे साखर घातली आणि संपवली. संध्याकाळी ताईला म्हणाले, "तो फालुदा का काय होता, त्यात गोड कमी झालं होतं." आम्ही त्यांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फार प्रसन्न दिसत होते, आणि पुढे आठवडाभर विचारत राहिले की तो फालुदा परत का करत नाही.

हळूहळू बिट्टीचं डोकं माझ्या ओळखीचं झालं. डाव्या कानामागे सगळ्यात लहान वेढे, मानेवर सगळ्यात हट्टी, कपाळावर एक बट जी कुठेच बसत नाही. पावसाळ्यात सगळं फुगतं, थंडीत रुसतं. कॉलेजात एकदा माझ्या खिशातून रुमालाबरोबर गुलाबी क्लिप पडली आणि वर्षभर मला "क्लिप" हे नाव पडलं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. आता माझ्या स्वतःच्या डोक्यावर विंचरण्याजोगं फारसं उरलेलं नाही, त्यामुळे असेल, पण तेव्हाची ती सकाळची दोन तास चालणारी बैठक मला कुठल्याही परीक्षेपेक्षा स्पष्ट आठवते. खालून पोहेवाल्याची हाक, समोरून आपांच्या मशीनची खडखड, मांडीत बिट्टी आणि तिच्या तोंडात मुरमुऱ्याचा कुरकुर आवाज.

आणि मग अकोल्याहून फोन आला. जावळ काढायचं ठरलं होतं.

खरं तर ते पहिल्या वर्षातच व्हायचं होतं, पण बिट्टी अशक्त होती म्हणून राहिलं. ती दिवस भरायच्या आधी जन्मली होती आणि पहिले कित्येक दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. तेव्हा ताईच्या सासूबाई, म्हणजे ज्यांना मी मावशी म्हणायचो, गावदेवीला नवस बोलल्या होत्या. पोरगी जगली तर केस देईन. आता तिसरं संपायच्या आत तो फेडायचा होता. शिवाय एकदा तुळतुळीत केलं की नंतर सरळ केस येतात, अशी अकोल्यात सगळ्यांची खात्री होती.

"आन तुले यावंच लागीन," ताई मला म्हणाली. "जावळ मामाच्या मांडीवर काढतेत."

मी हातातली फणी खाली ठेवली. ज्या डोक्यावर मी वर्षभर राबलो, ते मीच धरून बसायचं आणि त्यावर वस्तरा फिरवून घ्यायचा.

"तू नाई म्हन ना," मी म्हणालो. "तू नर्स हायेस. केस कापून काई सरळ येत नाईत, हे तुले मालूम हाये."

ताईने मी खाली ठेवलेली फणी उचलली. मग म्हणाली, "गजू, ती पेटीत होती ना, तवा मीबी हात जोडले होते. तवा मले नाई आठवलं की मी नर्स हाये."

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. मामाची मांडी लागते. आणि मांडी माझी होती.

आम्ही बडनेऱ्याहून गाडीत बसलो आणि जेवणाच्या वेळेला अकोल्यात पोचलो. मावशींचं घर गावाच्या टोकाला, स्लॅबचं, साधं. शेत जवळच, त्यामुळे त्या दिवसांत पुढची खोली कापसाने छातीइतकी भरलेली. मावशी म्हणजे बारीक, सरळ, कमी बोलणारी बाई. डोक्यावरून पदर कधी ढळायचा नाही. काकाजी, म्हणजे भाऊजींचे वडील, तहसील कचेरीतून निवृत्त झाले होते. पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. घरात कोणी "मीठ कमी हाये" म्हटलं तरी ते विचारायचे, "कोनाची तक्रार हाये?"

जेवायला कढीगोळे होते. मावशींच्या हातचे कढीगोळे म्हणजे काय, ते सांगून कळणार नाही. डाळीचे गोळे इतके हलके, की कढीत तरंगायचे. मी चार खाल्ले, पाचवा ताटात असताना हिंमत केली आणि म्हणालो, "मी उद्या मांडीवर घेनार नाई."

सगळ्यांचे हात थांबले. भाऊजी कढीच्या वाटीत बघायला लागले. ताईने डोळे मिटले.

"म्हंजे?" काकाजी म्हणाले.

"म्हंजे जावळाले मामा लागते. मामा नाई म्हनते."

"कारन?"

"तिचे केस चांगले हायेत. ते कापून काई सरळ येनार नाईत. आन सरळ कशाले पायजेत?"

काकाजींनी घास खाली ठेवला. भाऊजींच्या एका आत्या जेवायला होत्या, त्या म्हणाल्या, "हे पोरगं कॉलेजात जाऊन बिघडलं." मला वाटलं आता मावशी काहीतरी बोलतील. त्या उठल्या, माझ्या ताटाशी आल्या, आणखी एक गोळा वाढला, आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. भांडण करणाऱ्या माणसाशी भांडता येतं, वाढणाऱ्याशी कसं भांडायचं?

या गडबडीत बिट्टी कुठे आहे हे कोणी पाहिलं नाही. ती पुढच्या खोलीत गेली होती. आम्ही शोधत गेलो तेव्हा आधी काहीच दिसलं नाही. मग कापसाच्या ढिगातून एक पांढरं डोकं वर आलं आणि म्हणालं, "भो!"

तिचा एकही केस काळा दिसत नव्हता. कापूस, वाळक्या पाल्याचा चुरा, बोंडाची टरफलं, एखाददुसरी सरकी, सगळं त्या वेढ्यांत जाऊन बसलं होतं. सरळ केसांतून झटकलं की कापूस पडतो. कुरळ्या केसांतून तो निघत नाही, तो तिथं संसार थाटतो. आत्या टाळी वाजवून म्हणाल्या, "घ्या! देवीनंच निकाल लावला. आता कापल्याबिगर काई इलाज नाई."

मला रडायला यायचं बाकी होतं. मी बिट्टीला उचललं, मागच्या अंगणात नेलं, बादलीभर कोमट पाणी घेतलं, एका वाटीत तेल, दुसरीत मुरमुरे, आणि बसलो. कानामागून सुरुवात केली. ओलं करायचं, बट वेगळी धरायची, चिमटीने कापूस सोडवायचा. पंधरा मिनिटं झाली तरी दोनच बटा झाल्या होत्या. बिट्टी तेवढ्यात अर्धी वाटी मुरमुरे संपवून बसली होती.

मावशी कधी आल्या मला कळलं नाही. पदर खोचून त्या दुसऱ्या बाजूला पाटावर बसल्या आणि त्यांनी उजव्या कानाकडची बट हातात घेतली. मी "ओढू नका" म्हणणार तेवढ्यात त्यांनी वरचा केस मुठीत धरला, खालचं टोक बोटाला गुंडाळलं आणि हलकेच उलटं फिरवलं. कापूस सुटून हातात आला. दुसरी बट. तिसरी. माझी एक होईपर्यंत त्यांच्या चार. बिट्टीला कळलंही नाही. फणी त्यांनी बाजूला सारली होती.

"तुमाले कसं येते हे?" मी विचारलं.

त्यांनी अंगणाच्या दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग ओल्या हाताने पदर मागे केला आणि अंबाड्याचे आकडे काढले. अंबाडा तेलाने इतका चापूनचोपून बसवलेला होता की सुटल्यावरही क्षणभर तसाच राहिला. त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन केसांवर शिंपडलं, बोटं फिरवली. आणि माझ्या डोळ्यांसमोर ते करडे केस एकेक करून वळायला लागले. मानेवर, कानामागे, आणि कपाळावरची ती एक बट जी कुठेच बसत नाही.

"मावशी!"

"हळू बोल."

"मंग तुमी फोनवर म्हनत होत्या, आमच्यात कोनाचेच नाईत."

"या घरात मी सून म्हनून आली, तवा मले झिपरी म्हनत," त्या म्हणाल्या. हात चालूच होते. "सासू म्हने, नवरी हाये का कडबा. माह्या लग्नातल्या फोटोवर बी हासत सारे. मंग मी तेल लावलं. रोज लावलं. इतकी वर्सं झाली, माह्या लेकालेबी माहीत नाई."

"मंग बिट्टीचे काहून कापता?"

"म्हनूनच," त्या म्हणाल्या. "ती उद्या शाळेत जाईन. कोनाच्या घरी जाईन. तिले कोनी झिपरी म्हनू नये."

अकोल्याहून फोन आल्यापासून मी मनातल्या मनात या बाईशी भांडत आलो होतो, आणि आमची बाजू एकच निघाली. मी म्हणालो, "मावशी, अमरावतीत लोक रस्त्यात थांबून तिचे केस पायतेत. झिपरी कोनी नाई म्हनत. एका बाईनं तर मले विचारलं की पार्लर कोनतं."

त्या हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग हसू गेलं आणि त्या म्हणाल्या, "पन नवस तर नवस हाये, बापा. तिचा जीव मागतला होता मी. तो देवीनं देला. आता केस नाई म्हनू कशी?"

ऊन उतरेपर्यंत आम्ही बसलो होतो. शेवटी बिट्टीच्या डोक्यात एक सरकी उरली होती, तीही मावशींनीच काढली. आत जायच्या आधी त्यांनी अंबाडा परत घट्ट बांधला आणि पदर पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमेशभाऊ न्हावी पेटी घेऊन आले. अंगणात पाट मांडला, हळदकुंकू, नारळ, नवं झबलं. मी बिट्टीला घेऊन दारात उभा होतो. मांडी देणार नाही म्हणायची ताकद माझ्यात उरली नव्हती, कारण आता मावशींना नाही म्हणायचं होतं. मी पाटाकडे निघालो, तेवढ्यात मावशी बाहेर आल्या. त्यांनी सरळ काकाजींना विचारलं, "नवस बोलली तवा तुमी होते ना माह्याजवळ?"

"होतो," काकाजी म्हणाले.

"मी काय म्हटलं होतं? जसेच्या तसे शब्द सांगा."

काकाजींच्या अंगात कचेरी संचारली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू म्हटलं होतं, पोरगी जगू दे, केस देईन."

"कोनाचे?"

काकाजी थांबले. आठवलं. परत आठवलं. "ते नमूद नाई केलं."

"मंग झालं तर," मावशी म्हणाल्या, आणि पाटावर बसल्या.

आत्या ओरडल्या, "अवं, तिथं मामा बसते!" भाऊजी "आई, आई" करत राहिले. रमेशभाऊंनी पेटी अर्धवट उघडली होती, ती त्यांनी बंदच करून टाकली. म्हणाले, "वहिनी, मी आयुष्यात बायांचे केस नाई कापले."

"मंग आज काप. वस्तरा नोको, कैची घे. खांद्याच्या वर." त्यांनी पदर उतरवला, अंबाडा सोडला. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गजू, मांडी नाई देत म्हनत होता ना. नोको देऊ. पन पानी तर दे."

मी बिट्टीला ताईकडे दिलं आणि बादली आणली. केस मीच ओले केले. रमेशभाऊंनी कात्री चालवली आणि कापलेले केस नारळाबरोबर ताटात ठेवले, देवीला न्यायला. इतक्या वर्षांचं वजन उतरल्याबरोबर उरलेले केस कानांच्या वर उड्या मारून बसले. रमेशभाऊंनी आरसा पुढे केला. मावशींनी तो घेतला नाही, त्या काकाजींकडे बघत होत्या. सगळेच काकाजींकडे बघत होते.

काकाजी दोन पावलं पुढे आले. मग म्हणाले, "लगनाच्या वक्ती असेच होते. मंग कुठं गेले कोनास ठाऊक. मले वाटलं, सरळ झाले असतीन."

"मंग इचारलं काहून नाई?"

"मले वाटलं, तुले सरळच आवडत असतीन," काकाजी म्हणाले. "मले तर हेच आवडत होते."

मावशींनी पदर ओढायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला. ताई रडत होती, भाऊजी नाक ओढत होते, आणि आत्या हे शेजारी जाऊन कोणाला आधी सांगायचं याचा विचार करत होत्या, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात बिट्टी ताईच्या कडेवरून खाली उतरली. डुलत डुलत पाटापाशी गेली, आजीच्या डोक्याकडे तिने नीट पाहिलं, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्या केसांत घालून सगळ्या ताकदीने ओढले.

"ओ माय वो!" मावशी किंचाळल्या.

ताई धावली, बिट्टीची बोटं सोडवायला लागली. मावशींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, मान वाकडी झाली होती, पण त्यांनी ताईचा हात बाजूला केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "ओढू दे तिले."